बाल्ताझारच्या कुंडातला दिवा

लुदोविनाचे हात पाहिले असते तर तिच्या हातचं जेवायला तुम्ही दोनदा विचार केला असता. कोपरापर्यंत तपकिरी, नखांच्या कडेला जांभळे, आणि तो रंग साबणाला अजिबात दाद द्यायचा नाही. रविवारी चर्चला येताना ती हातमोजे घालायची. मग शेजारणी म्हणायच्या, बघा कशी मिरवतेय. हातमोजे नाही घातले तर त्याच म्हणायच्या, बघा कसे हात घेऊन आलीय देवाच्या दारात. मी तिला म्हणायचो, दोन्ही हात खिशात घालून येत जा.

मी सेराफिम. पेलामेस गावात जोडे शिवणारा मी एकटाच उरलोय, आणि लुदोविनाचं कातडं घेणारं पहिलं गिऱ्हाईक मीच. त्यामुळे तिच्याबद्दल चारजण काय बोलतात याच्यापेक्षा मला थोडं जास्त माहीत आहे. तिची आठवण निघाली की लोक अजून आवाज खाली करतात. मला त्याचा राग येतो. ती जिवंत आहे, ठणठणीत आहे, आणि कालच माझ्याशी टाचेच्या जाडीवरून भांडली.

आमच्या गावात ओढ्याच्या काठाने दगडी कुंडांची रांग आहे. कातडी कमावणाऱ्या घरांची ती कुंडं. दीड पुरुष खोल, वर लाकडी झाकणं, आत उतरायला शिडी. प्रत्येक कुंड कुणा एकाच्या नावाचं असतं, आणि तो माणूस गेला तरी नाव तेच राहतं. त्याची बायको जिवंत असेपर्यंत त्या कुंडात कातडं टाकायचं नाही, ते रिकामं ठेवायचं, असा आमच्याकडे रिवाज आहे. लुदोविनाचा नवरा बाल्ताझार गेला तेव्हापासून त्याचं कुंड रिकामं होतं.

बाल्ताझारच्या काळात कातडं कमवायची जुनी ओकच्या झाडाची साल मागे पडली होती. पिंपांतून रसायनाची पूड यायची. सालीला वर्ष लागायचं ते काम पूड चार दिवसांत करायची, आणि सगळे खूश होते. ओढा मात्र निळा-हिरवा वाहायला लागला. मासे पोटं वर करून तरंगले, खालच्या गावातल्या गाईंनी पाणी प्यायचं सोडलं, आणि शेवटी सरकारी माणसं येऊन एकेक कारखान्याला कुलूप लावून गेली. तोवर बाल्ताझारची छाती निकामी झाली होती. पिंपांमुळे झाली की विड्यांमुळे, हे डॉक्टरने शेवटपर्यंत सांगितलं नाही. एका हिवाळ्यात तो खोकत खोकत गेला. लुदोविनाने त्याच्यावर जीव टाकला होता. हे मी शेजारी म्हणून सांगतो, भिंत पातळ आहे.

ती मूळची आमच्यातली नव्हे. डोंगरावरच्या द्राक्षवेलींच्या गावची, बापाचं वाइनचं तळघर होतं. आमच्या गल्लीत सून म्हणून आली तेव्हा पहिला महिनाभर नाकाला रुमाल लावून फिरायची. बाल्ताझार गेल्यावर ती माहेरी परत जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. सासूने, पेर्पेतुआकाकूने, तशी तयारीसुद्धा दाखवली होती. पण एका दुपारी ही माझ्या दुकानात आली आणि माझ्यापुढे मूठ उघडली. मुठीत द्राक्षांच्या बिया आणि सालपटं.

"चाव," ती म्हणाली.

"मी जेवलोय."

"चाव म्हणते ना."

चावलं. जीभ टाळूला चिकटली, गाल आत ओढले गेले.

"तोंड आवळलं ना?" ती म्हणाली. "तुझं तोंड आवळतं, तर कातडं का नाही आवळणार?"

वाइनच्या सहकारी कारखान्यात द्राक्षं पिळून झाली की चोथ्याचे डोंगर पडतात. अर्धा चोथा ओढ्यात जायचा आणि उरलेला माश्यांना. तो फुकट उचलायचा आणि पुडीऐवजी कुंडात वापरायचा, असं तिच्या डोक्यात होतं. लोक हसले. पेर्पेतुआकाकू हसली नाही. "दारुड्यांचा उकिरडा माझ्या घराण्याच्या कुंडात?" एवढंच म्हणाली, आणि त्या वर्षी सुनेशी बोलली ती फक्त मीठ मागायला.

पण धाकट्या दिराने, अबीलियोने, तिला साथ दिली. अबीलियो म्हणजे भला माणूस, काटकुळा, चाळिशी उलटलेला, बिनलग्नाचा. आईने सांगितलं की बसायचं, आईने सांगितलं की उठायचं. आयुष्यात त्याने आईचं न ऐकता केलेली एकच गोष्ट म्हणजे वहिनीसाठी चोथ्याच्या गाड्या ओढणं.

पहिली दोन वर्षं त्यांनी भट्टीवाल्याकडचा चोथा आणला. दारू काढून झालेला, उकळून निर्जीव झालेला. कातडं हळूहळू रंगलं, पण असं रंगलं की मी ते हातात घेऊन कितीतरी वेळ नुसता वाकवत बसलो. ओढा स्वच्छ राहिला. कुंडातलं पाणी शेवटी मक्याला दिलं तरी मक्याला काही झालं नाही. तिसऱ्या वर्षी भट्टीवाल्याशी तिचं वाजलं, तेव्हा ती थेट वाइनच्या कारखान्यात गेली आणि पांढऱ्या द्राक्षांचा ताजा, नुकता पिळलेला चोथा घेऊन आली. त्यात कातडं आवळणारा कस जास्त असतो म्हणाली. खरंच जास्त होता. ऑक्टोबरच्या मध्यावर तिने आणि अबीलियोने तो बाल्ताझारच्या शेजारच्या कुंडात भरला, वर पाणी सोडलं, बकऱ्यांची कातडी बुडवली आणि झाकण लावलं.

तेव्हापासून बाल्ताझार बोलायला लागला.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भर दुपार होती. ओढ्यावर धुकं होतं, त्या दिवसांत ते दिवसभर उठत नाही. मी त्याच्या रिकाम्या कुंडाशेजारून चाललो होतो आणि झाकणाखालून पुटपुट ऐकू आली. शब्द कळत नव्हते. पण कातडं खरवडताना स्वतःशीच पुटपुटायची बाल्ताझारला सवय होती, आणि तिला एक चाल होती: थोडं भरभर, मग थांबणार, मग एक लांब सुस्कारा. हे अगदी तसंच होतं.  मी देवाचं नाव घेतलं आणि घरी येऊन दाराला कडी घातली. भर दुपारी.

मग सगळ्यांनीच ऐकलं. गल्लीतला कुत्रा बाल्ताझारचा लाडका होता, रोज त्याच्या झाकणावर ऊन खात पडायचा. तो आता दूरवरूनच वळून जायला लागला. अबीलियोने एकदा झाकण सरकवलं तर तळाशी एक चिमणी पडलेली दिसली. पंख विस्कटलेले नव्हते, रक्त नव्हतं. झोपल्यासारखी पडली होती. त्याने झाकण परत लावलं आणि आईला सांगितलं. पेर्पेतुआकाकू म्हणाली, "त्याला काहीतरी हवंय."

आणि लुदोविना? ती दुपारचं जेवण उरकून त्या कुंडाच्या काठावर जाऊन बसायची. मक्याचा पाव कुरतडत. मी एकदा विचारलं, "भीती नाही वाटत?"

"कसली? नवरा आहे माझा."

"काय म्हणतो?"

"कळत नाही," ती म्हणाली. "जिवंत होता तेव्हा तरी कुठे कळायचं?" आणि हसली. पण डोळे भरून आले होते. मग हळूच म्हणाली, "सेराफिम, मी चोथा शेजारी भरला म्हणून रागावला असेल का रे तो?"

 त्या पुटपुटीमागे चोथा असेल हे आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही, आणि आमच्यासारख्यांच्या मनात ते येणारही नव्हतं. ओकची साल कधी बोलत नाही. कुंड म्हणजे गप्प जागा, हेच आम्ही जन्मभर पाहिलेलं. ती मात्र वाइनवाल्याची पोर. पण आमच्या गल्लीत इतकी वर्षं काढून तीही आमच्यासारखीच झाली होती.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सगळा गाव आधी दफनभूमीत जातो, शेवंतीची फुलं वाहतो. मग कातडी कमावणारी घरं कुंडांवर येतात. ज्याचं कुंड रिकामं असेल त्याच्या आत वरूनच, लांब आकडीला लावून, दिवा सोडायचा. तळाजवळ दगडात एक कोनाडा असतो, त्यात तो ठेवायचा. तेल संपेपर्यंत दिवा जळला की मेलेल्याला वर्षभराचा उजेड मिळाला. पण दिवा मध्येच विझला तर मात्र आकडीचं काम नाही. मग रक्ताच्या माणसाने चुलीतला विस्तव घेऊन स्वतः खाली उतरायचं आणि हाताने दिवा लावायचा. मेलेला माणूस दिवा विझवतो तो कोण येतं हे बघायला, असं आमच्याकडे मानतात. पेर्पेतुआकाकूचा नवरा एकदा असा त्याच्या बापासाठी उतरला होता. वाऱ्याने विझला असणार. लावून वर आला आणि पोटभर जेवला.

त्या दिवशी आम्ही दहाबाराजण जमलो होतो. धुकं इतकं की ओढ्याचा नुसता आवाज येत होता. लुदोविनाने झाकण सरकवलं, पेटवलेला दिवा आकडीला अडकवला आणि खाली सोडायला लागली. अर्ध्यावर गेल्यावर ज्योत खाली वाकली, वातीपासून सुटली, आणि गेली. वारा नव्हता. माझ्या तोंडातून निघणारी वाफसुद्धा सरळ वर जात होती.

 तिने दिवा वर घेतला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. त्याच ठिकाणी विझला. तिसऱ्यांदाही तिथेच. आतून कुणीतरी हात वर करून बसावं आणि दिवा आला की चिमटीत पकडावा, असं ते दिसत होतं. एक बाई रडायला लागली.

"अबीलियो," पेर्पेतुआकाकू खुर्चीवरून म्हणाली. तिला घरून खुर्चीसकट आणलं होतं. "विस्तव आण. तुझा दादा अंधारात बसलाय."

अबीलियो घरात गेला. मी लुदोविनाकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती रडत नव्हती. ती तीनदा विझलेल्या त्या वातीकडे बघत होती. मग ती काठावर गुडघ्यावर बसली, आत वाकली, आणि झटकन मागे झाली. नाक चोळलं.

"आई, कुणी खाली जायचं नाही," ती म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"आमच्याकडे तळघरात उतरायच्या आधी दिवा सोडतात. विझला की माणसं पळतात, आई. माझा मामा नाही पळाला. त्याला दुसऱ्या दिवशी बाहेर काढला."

"ते तुमच्या दारूच्या पिंपात," पेर्पेतुआकाकू म्हणाली. "इथे दारू कुठाय? माझ्या मुलाचं कुंड रिकामं आहे."

"शेजारचं रिकामं नाही." लुदोविनाने बोट दाखवलं. दोन कुंडांच्या मधल्या भिंतीत अर्ध्या उंचीवर, भरलेल्या पाण्याच्या जरा वर, जादा पाणी सोडायची मोरी असते, आणि तिचा बोळा कधीच कुजला होता. "चोथा अजून आंबतोय. आंबताना सुटणारा त्याचा जड, श्वास कोंडणारा दम इकडे येऊन बसलाय. इतके दिवस बुडबुडत बोलत होता तो चोथा होता, आई. बाल्ताझार नव्हता."

हे म्हणताना तिचा आवाज फुटला. मला तेव्हा कळलं की ती दुपारच्या दुपार नेमकं काय ऐकत बसली होती, आणि आता काय हातचं सोडून देत होती.

पेर्पेतुआकाकू शांतपणे म्हणाली, "म्हणजे तुझ्या उकिरड्याने माझ्या मुलाचा दिवा विझवला, असं तू सांगतेस. सगळ्यांसमोर."

लुदोविना दोन्हीकडून अडकली होती.  चोथ्याचं नाव घ्यावं तर नवऱ्याचा उजेड तिनेच मालवलेला, आणि नवऱ्याचं नाव घ्यावं तर दिराला खाली सोडायचं.

"हो," ती म्हणाली. "माझ्याच चोथ्याने विझला. मला काय म्हणायचं ते म्हणा. पण कुणी उतरायचं नाही."

"त्याच्यावर तुझं मन कधीच नव्हतं," म्हातारी म्हणाली.

हे खोटं होतं आणि मी ते मोठ्याने म्हणायला तोंड उघडलं. पण तेवढ्यात अबीलियो चिमट्यात निखारा धरून आला होता. त्याने आईकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं. "वहिनी, पटकन लावून येतो," म्हणाला, "श्वास धरून." आणि ती त्याची बाही पकडायच्या आत शिडीवर पाय टाकून खाली गेला.

आधी निखारा काळा पडला. मग अबीलियो तळाजवळच्या पायरीवर कोनाड्याकडे वाकला आणि तसाच थांबला, काहीतरी विसरल्यासारखा. त्याने मान वर केली आणि आमच्याकडे बघितलं. त्या नजरेत भीती नव्हती, ओळखही नव्हती. मग त्याचे हात सुटले.

आवाज फार झाला नाही. मी धावलो, शिडीवर पाय टाकला, आणि लुदोविनाने आकडीचा दांडा माझ्या छातीवर असा हाणला की मी मागे पडलो. "तूही मरणार आहेस का?" ती ओरडली. आणि तिने शिडीच वर ओढली. जिवंत माणूस खाली पडलाय आणि ही बाई शिडी काढून घेते आहे, हे बघून लोकांनी तिला शिव्या घातल्या. एकाने तिचे केस धरले. तिने वळून पाहिलंसुद्धा नाही. तोंडावर ओला फडका बांधला, काठावर पालथी झाली आणि आकडी खाली सोडली. कातडी वर काढायची तीच आकडी, तीच पद्धत. चाचपत, न बघता.

"पाय धर माझे," ती फडक्याआडून म्हणाली. मी धरले.

पहिल्यांदा आकडी सुटली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तिने हळूच दांडा फिरवला आणि म्हणाली, "लागली." त्याच्या कमरेच्या पट्ट्यात लागली होती. तो पट्टा मीच शिवलेला, तिच्याच चोथ्याच्या कातड्याचा, आणि त्या क्षणी देवापेक्षा मला माझ्या टाक्यांची जास्त काळजी होती. मग ज्यांनी तिला शिव्या घातल्या होत्या त्यांनीच दांडा धरला आणि आम्ही ओढलं. अबीलियो वर आला तो दुमडलेला, लुळा, भिजलेल्या कातड्यासारखा. तिने त्याला पालथा केला, उताणा केला, त्याच्या तोंडात तोंड घालून हवा भरली, छातीवर मुठी मारल्या. किती वेळ ते मला माहीत नाही. धुक्यात सगळे उभे होते आणि कुणाला प्रार्थनासुद्धा आठवत नव्हती.

मग तो ओकला. खोकला. डोळे उघडले.

"वहिनी," तो म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. "नाकात आंबट झोंबलं. आणि मग कुणीतरी खांद्यावर हात ठेवला."

लोक एक पाऊल मागे सरकले. लुदोविना सरकली नाही. तिने त्याचा खांदा घट्ट धरला, जिथे त्याला हात लागला म्हणत होता तिथेच, आणि चोळत राहिली.

"दिवा लागला का?" पेर्पेतुआकाकूने विचारलं.

मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी ऐकल्यात, पण तो प्रश्न अजून कानात आहे. एक मुलगा जमिनीवर श्वास शोधतोय आणि आई दुसऱ्याचा दिवा विचारतेय. मला संताप आला. मग म्हातारीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि संताप गेला. ती अबीलियोकडे बघतच नव्हती. बघायची तिची छाती होत नव्हती.

लुदोविनाला लागला म्हणून सांगता आलं असतं. खाली बघायला कोण जाणार होतं? सगळं मिटलं असतं. सासूने तिच्याकडे निदान मीठ तरी मागितलं असतं.

"नाही लागला, आई," ती म्हणाली. "यंदा लागणार नाही. त्याचा उजेड मी घालवला. तो मला रागावेल ते मी बघून घेईन. हा तुमचा मुलगा इथे आहे, त्याच्याकडे बघा."

 मग पेर्पेतुआकाकू खुर्चीवरून उठली. तिला उठताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मी हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला. जमिनीवर पडलेल्या मुलाला ओलांडून नव्हे, वळसा घालून, ती कुंडाच्या काठाशी गेली. मला वाटलं ही आता स्वतःच उडी टाकते. लुदोविनालाही तसंच वाटलं असणार, तिने सासूचा झगा मागून मुठीत धरला.

म्हातारी काळोखात वाकली. लहान मुलाच्या खोलीचं दार लोटून घेताना बोलावं तशा आवाजात बोलली.

"बाल्ताझार, बाळा, आज असाच झोप. अबीलियोला बरं नाही."

मग ती वळली, सुनेचा तपकिरी हात झग्यावरून सोडवून आपल्या हातात घेतला, आणि म्हणाली, "झाकण लाव. याला घरी नेऊ."